चौथी दुरुस्ती

माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली तारीखमास्तर म्हणते. मास्तर ते कधीच नव्हते. सार्वजनिक वाचनालयात कारकून म्हणून लागले आणि दारातल्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी 'आजचा दिवस' लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण फळा काही सुटला नाही. एकूण एकतीस वर्षं झाली.

वर घटना, खाली जन्म, त्याखाली मृत्यू. एकाच तारखेला कुठे पूल खुला झालेला असतो, कुठे बोट बुडालेली असते. कोणी शास्त्रज्ञ जन्मतो, कोणी गवई जातो. मध्ये दीडशे वर्षांचं अंतर असलं तरी बाबा त्यांना एका फळ्यावर शेजारी बसवतात. घरी माळ्यावर बुटांची बारा खोकी आहेत, त्यांत तीनशे सहासष्ट पाकिटं. दोन पुस्तकांत पुरावा मिळाल्याशिवाय चिठ्ठी पाकिटात जात नाही. पेपरवाल्यांनी कोणाचा जन्म एका दिवसाने जरी पुढेमागे छापला तरी बाबा कार्ड टाकतात. 'एक दिवस म्हणजे किरकोळ चूक नव्हे' हे त्यातलं ठरलेलं वाक्य. स्वतःची चूक झाली, तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'दुरुस्ती' लिहून खाली 'क्षमस्व'. एकतीस वर्षांत अशा दुरुस्त्या तीन. लोक आपली ऑपरेशनं सांगतात तशा त्या ते सांगतात.

असा हा काटेकोर माणूस घरात मात्र आठ वर्षं एक तारीख चुकीची सांगत होता.

सासूबाई एकोणीस सप्टेंबरला गेल्या. दोन वर्षांनी, त्याच तारखेला, सकाळी सव्वाअकराला माझी लेक जन्मली. दवाखान्यात बाबा आले, बाळाकडे पाहिलं, खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, घरात आपण वीस म्हटलं तर चालेल का गं? एकोणीसला मला हसता यायचं नाही." मी मान हलवली. टाके दुखत होते आणि म्हातारा रडत होता, दुसरं काय करणार? पण राग मात्र आला, आणि तो दरवर्षी येत राहिला. एकोणीसला घरात रेडिओसुद्धा लागायचा नाही, बाबा दिवसभर खोलीत, वाचनालयातला फळा कोरा. वीसला केक. माझी मुलगी आपल्या खऱ्या दिवशी गप्प बसायची आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. मी नवऱ्याशी भांडले. तो म्हणायचा, "बाबांना तू सांग." म्हणजे झालंच.

या वर्षी तिच्या वर्गात बाईंनी वाढदिवसांचा तक्ता लावला, शाळेच्या रजिस्टरवरून. दाखला खराच होता, त्यात एकोणीसच. लेक तक्त्यासमोर उभी राहून भांडली. "चूक आहे! माझे आजोबा तारखा कधी चुकत नाहीत." वर्ग हसला. घरी आली ती तरातरा, दप्तर फेकलं आणि बाबांच्या टेबलावर कोरं कार्ड ठेवलं.

"आजोबा, बाईंना लिहा. पेपरवाल्यांना लिहिता ना, तसं. एक दिवस म्हणजे किरकोळ चूक नव्हे."

बाबांनी पेन उघडलं. बाईंचं नाव लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि थांबले. मी दारात कपड्यांच्या घड्या घालत उभी होते. ते लिहितील की काय, अशी मला धास्ती वाटली. लिहिलं असतं तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं.

"उद्या लिहितो," ते म्हणाले. पेनाचं टोपण दोनदा खाली पडलं.

उद्या गेला, परवा गेला. लेक रोज विचारायची, "टाकलं का कार्ड?" बाबा रोज काहीतरी पुटपुटायचे. जेवण अर्ध्यावर आलं. अठराच्या संध्याकाळी ते स्टूल घेऊन माळ्याशी गेले आणि सप्टेंबरचं खोकं खाली काढलं. 

एकोणीसला सकाळी उठून पाहते तर खोलीचं दार उघडं, चपला नाहीत. दहा वर्षांत हे पहिल्यांदा. साडेआठला फोन आला. "तिला घेऊन ये. शाळेत जायच्या आधी."

वाचनालयाच्या पायऱ्यांवर बाबा खडूने माखलेले हात मागे धरून उभे होते. फळा भरला होता. घटना, जन्म, मृत्यू, सगळं जागच्या जागी. घरचं काही फळ्यावर लिहायचं नाही हा त्यांचा नियम, पण मृत्यूंमध्ये शेवटची ओळ होती: 'माझी पत्नी.' जन्मांमध्ये शेवटची: 'माझी नात.' आणि उजव्या कोपऱ्यात:

'दुरुस्ती : नातीचा जन्मदिवस मी वीस सप्टेंबर सांगत आलो. तो एकोणीस आहे. शाळेचा तक्ता बरोबर. माझ्यामुळे तिचे आठ वाढदिवस चुकले. क्षमस्व.'

लेकीने बोट फिरवत सगळं वाचलं. मग पुन्हा वरून. आजीची ओळ दोनदा वाचली. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. पोरगी रडेल, रुसेल, पाठ फिरवेल, मी सगळ्याची तयारी करून उभी होते.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि आजोबांकडे वळून कपाळाला आठ्या घातल्या, अगदी त्यांच्यासारख्या.

"आजोबा, इथेपण चूक आहे. आठ नाही, सात चुकले. आठवा तर आज आहे."

बाबांनी 'आठ' अंगठ्याने पुसलं आणि खडू तिच्या हातात दिला.