पाटोद्याचा समुद्रकिनारा

पाटोद्याला समुद्र नाही. ही गोष्ट सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. मला मात्र ती आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, दुकानातलं मिठाचं पोतं रिकामं केल्यावर पटली.

निजामसरकारच्या मदरशात मी उर्दूतून चार बुकं शिकलो होतो. भूगोलाच्या बुकात कुठल्याशा विलायती किनाऱ्याचं वर्णन होतं. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्रात उतरलेला, उतारावर द्राक्षांचे मळे, आणि खाऱ्या वाऱ्यानं द्राक्षं इतकी गोड की त्यांची शराब बादशहाच्या मेजावर जायची! (खाऱ्यानं गोड कसं होतं, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर पुढचं काही घडलं नसतं.) शिवाय बडे लोक तिथं हवा खायला येत, समुद्रात पाय सोडून बसत आणि ठणठणीत होऊन परतत.

डोंगर आमच्या मळ्याला होता. उतारही होता. मी दौलताबादेहून वेली आणून लावल्या. दोन वर्षं पानं आली, द्राक्ष एक नाही!

"उपटून टाक ते जंजाळ," आप्पा म्हणाले, "अन् दुकानात बस. गूळ जोख."

"यंदा लागतील, आप्पा. मंग आपण शराब..."

"शराब? लिंगायत हाय मी, गळ्यात लिंग हाय माझ्या!"

"औषधी, आप्पा! औषधी!"

शेवटी ठरलं. बीडजवळ माझ्या सासऱ्यांचा पानमळा होता. वेलीची नाडी त्यांच्याइतकी कुणाला कळत नसे. शिवरात्र झाली की ते येऊन बघणार. त्यांनी 'वेल जगंल' म्हटलं तर मळा माझा, नाहीतर जन्मभर तागडी माझी.

पंधरा दिवस हातात होते. मी पुन्हा बुक उघडलं आणि ताडकन उठलो. उतार होता, माती होती, ऊन तर नको तितकं होतं. कमी होता एकटा समुद्र! आणि समुद्र म्हणजे तरी काय? पाणी विहिरीत होतं, मीठ दुकानात होतं. (तेही खुद्द समुद्रावरूनच आलेलं. म्हणजे अर्धा समुद्र आधीच पाटोद्यात येऊन पोत्यात पडला होता!)

पोतं पाठीवर घेतलेलं बायकोनं बघितलं.

"अवो, कुठं चाललाव?"

"समुद्र करायला."

"दुपारपर्यंत होईल न्हवं? भाकरी गार होतील."

मी रोज पानापानावर खारं पाणी शिंपडू लागलो. मग बायकोला सूप देऊन वेलीसमोर उभं केलं.

"कावून?"

"खारा वारा पायजे. घाल वारा."

तिनं चार वेळा सूप हलवलं. "माझ्या माहेरी हे सांगू नका," म्हणाली आणि निघून गेली.

आठ दिवसांत पानं कडेनं तांबूस झाली. रंग धरतायत, मी म्हटलं! पंधराव्या दिवशी खोडंसुद्धा रंग धरू लागली, तेव्हा मात्र मी शिंपडणं थांबवलं. त्याच दिवशी सासरे आले, गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत कण्हत.

त्यांची नजर वेलीवर पडता कामा नये! मी त्यांना बांधालगतच्या सावलीच्या मांडवाखाली, वेलींकडे पाठ करून बसवलं आणि घंगाळभर खारं पाणी पुढ्यात ठेवलं. "मामा, आधी पाय सोडा. डोळे मिटा. हवा खा." बिचारे बसले. खारं पाणी मी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत चोळलं.

एवढ्यात शेजारच्या दगडूच्या म्हशी बांधावरून आल्या. पहिलीनं एक पान चाटलं आणि थबकली. मग तिनं वेलच ओढली! मागून सात जणी घुसल्या.

"अबे दगड्या, म्हशी आवर!"

"आवरू कशा? मीठ लागलंय त्यान्ला!"

मी एकीचं शेपूट ओढतोय तोवर दुसरी घंगाळापाशी पोचली. पाणी संपवून तिनं सासऱ्यांच्या पोटऱ्या चाटायला घेतल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच.

"जावईबापू, लई बरं वाटायलंय. जीभ... न्हाई, हात खरबरीत हाय तुमचा, पण माया हाय त्यात."

"मामा, डोळे उघडू नका!"

असं म्हटल्यावर कोण उघडणार नाही? नाकासमोर म्हशीचं नाक! सासरे किंचाळले, घंगाळ उलटलं, आणि पाच वर्षं गुडघे धरून चालणारा तो माणूस एका उडीत बांधापलीकडे गेला. (बुकातली एवढी एक गोष्ट खरी निघाली.)

आरडाओरडा ऐकून आप्पा धावत आले. मांडव आडवा झाला होता. शेवटची वेल एका म्हशीच्या तोंडातून लोंबत होती.

"पाव्हणं," आप्पांनी शांतपणे विचारलं, "तुमी जाणकार. जगंल का?"

सासऱ्यांनी धोतर सावरलं, बांधापलीकडूनच नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "म्हैस जगंल."

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात बसू लागलो, तो आजतागायत. गावातले शेतकरी पेरणीआधी न चुकता माझा सल्ला घ्यायला येतात. मन लावून ऐकतात, मान डोलवतात आणि शेतात जाऊन बरोबर उलटं करतात. सगळ्यांची पिकं झकास आहेत!