बुधाजीची दहा मिनिटं

बुधाजीचं भाषण आम्हाला तोंडपाठ होतं. नायगावच्या आमच्या साइटवर रोज सकाळी आठला हजेरी झाली की हा आमचा सेफ्टीवाला विटांच्या थप्पीवर चढायचा आणि सुरू. "बेल्ट घातला म्हणजे वाचलो असं समजू नका रे. बेल्ट तुम्हाला जमिनीवर आपटू देत नाही, एवढंच. पण नुसते लटकून राहिलात तर पट्टे मांड्यांत रुततात, रक्त पायात उतरून तिथंच बसतं. चांगला धडधाकट माणूस लटकल्या जागी जातो. म्हणून पडलात तर घाबरायचं नाही. पाय हलवत राहायचे. दहा मिनिटांत मी खाली आणतो."

मी राजाराम, साइटवर मालाची लिफ्ट चालवतो. मागे उभा राहून तंबाखू मळत म्हणायचो, "झालं याचं कीर्तन सुरू." पण खोटं कशाला बोलू? एकदा एक प्लंबर सातव्या मजल्यावरून घसरून लटकला होता, त्याला बुधाजीने आठ मिनिटांत उतरवला. कप्पी, दोर, आकडे, सगळं एका लाल पिशवीत. ती पिशवी बाहेर काढून गच्चीवर ठेवल्याशिवाय उंचीवर कोणी पाय ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. या नियमापायी तो मोठ्या साहेबांशीही भांडला होता.

माणूस लालबागचा. वडील कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. खंडेनवमीला कामगारांच्या बायकापोरांना गिरणी बघायला सोडायचे, तेव्हा हा वडिलांच्या खांद्यावर बसून जायचा. साच्यांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, आणि त्या दिवशी कसलाच खडखडाट नाही. संपात गिरणी गेली, वडीलही फार टिकले नाहीत. पण ती पूजा याच्या मनातून गेली नाही. साइटवर खंडेनवमी मांडायचा ती अगदी तशीच, तळघरातल्या स्टोअरमध्ये. हातोडे, पहारी, थापी, ड्रिल मशीन, सगळं धुऊनपुसून पाटावर. आणि एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी उचलायचं नाही.

गेल्या वर्षी त्याने ती लाल पिशवीसुद्धा पूजेत ठेवली. दोराचं छान वेटोळं करून वर माळ घातली. म्हणाला, "ह्याच्याइतकं मोठं हत्यार कुठलं रे आपल्याकडे?" त्यात चुकीचं काहीच नव्हतं. साइटला सुट्टी होती, उंचीवर कोणी जाणारच नव्हतं.

साडेबाराला इंजिनिअर विनीत आला. उद्या दसऱ्याला गिऱ्हाइकं फ्लॅट बघायला येणार आणि दर्शनी भिंतीवर, अकराव्या मजल्याजवळ, रंगाचे दोन ओघळ राहिलेत. अर्ध्या तासाचं काम, म्हणाला. मनू पेंटर प्रसादाला आलाच होता. मनू वरळी कोळीवाड्यातला. मासेमारीची होडी सुटली तरी दोरावरचा हात सुटला नव्हता. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या झुल्यावर असा बसायचा जसा कोणी घरच्या ओट्यावर बसतो. तो म्हणाला, "करून टाकतो की."

बुधाजी पिशवी काढायला स्टोअरमध्ये गेला. मी त्याच्या मागेच होतो. त्याने माळेला हात लावला आणि थांबला. तेव्हा मी बोललो. माझी जीभ झडली का नाही त्या वेळी! मी म्हणालो, "अरे, पुजलेला दोर कशाला मोडतोस? अर्ध्या तासाचं काम. मनू काय आज पहिल्यांदा चढतोय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग समईकडे पाहिलं. हात मागे घेतला. स्टोअरला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, मनूचा बेल्ट स्वतः तपासला आणि स्कूटर काढून लालबागला जेवायला गेला. त्याची बायको, शांतावहिनी, नैवेद्य दाखवून वाट बघत बसल्या होत्या.

दहा मिनिटं झाली असतील नसतील, झुल्याची गाठ सरकली. झुला खाली, आणि मनू बेल्टवर अधांतरी. सपाट भिंत ती, हाताशी ना खिडकी ना गॅलरी. आम्ही सगळे धावलो. मनूने वरून हात हलवला आणि ओरडला, "बरा आहे रे! बुधाजीला बोलवा!" आमचा जीव भांड्यात पडला. मी फोन लावला. बुधाजी एवढंच म्हणाला, "त्याला पाय हलवायला सांग. निघालो."

आणि मनू पाय हलवत होता. सायकल मारल्यासारखे. खाली कोणीतरी म्हणालं, "बघा, मनू नाचतोय," आणि आम्ही हसलो. मीसुद्धा हसलो. बेल्टने धरलंय, बोलतोय, मग घाई कसली, असंच वाटत होतं. रोज सकाळी ऐकलेलं कीर्तन एकालाही आठवलं नाही.

मग त्याचे पाय हळू झाले. गच्चीवर चौघांनी मनूच्या बेल्टचा दोर ओढून पाहिला, तो कठड्यावर घासायला लागला तसा भिऊन सोडला. मी स्टोअरकडे पळालो. कुलूप. फोडायला हातोडा हवा, तर हातोडा आत पूजेत, पहारही आत पूजेत. शेजारी दगड पडले होते, साइटच ती, दगडांना काय तोटा? पण आत समई जळतेय, त्या दारावर दगड कसा घालायचा, म्हणून मी तिथं उभा राहिलो. एवढा मोठा बाप्या, पण उभा राहिलो. फायर ब्रिगेडला फोन करायचं सुचलं तेव्हा मनू बोलायचा थांबला होता.

परळच्या नाक्यावर झेंडूच्या गाड्यांनी रस्ता भरला होता, बंबही त्यातच अडकला. बुधाजीने स्कूटर तिथंच टाकली आणि नायगावपर्यंत धावत आला. कुलूप उघडलं, एका झटक्यात माळ तोडली. गच्चीवर गेल्यावर त्याचे हात नेहमीसारखेच चालले, एकही गाठ चुकली नाही. मनू खाली आला. आला, पण गेलेला होता.

बुधाजीने त्यानंतर काम सोडलं. चौकशीत कोणी माझं नाव विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. त्याच्या या न सांगण्याचा मला आजही राग येतो. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेराव्याला आम्ही दोघं कोळीवाड्यात गेलो. मनूच्या बायकोला, यशोदाला, मी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की तो तत्काळ गेला, त्याला काही कळलंच नाही. साइटवर सगळ्यांचं तेच ठरलं होतं.

यशोदाने पाणी दिलं आणि बुधाजीसमोर बसली. "दादा, हे घरी येऊन सांगायचे, काही झालं तर बुधाजी दहा मिनिटांत खाली आणतो. म्हणून मी कधी काळजी केली नाही. त्या दिवशी किती वेळ लागला?"

"वहिनी, तो तर लगेच..." मी मध्येच म्हणालो.

"छत्तीस मिनिटं," बुधाजी म्हणाला. "दोर मी पूजेत ठेवला होता. चावी माझ्या खिशात होती. चूक माझी आहे, वहिनी."

मग तिने विचारलं, "शुद्धीवर होते?"

"पहिली वीसेक मिनिटं असेल."

"काय करत होते?"

बुधाजीने माझ्याकडे पाहिलं. तो तेव्हा रस्त्यात होता, बघणारा मी होतो. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती.

"पाय हलवत होता," मी म्हणालो. "बुधाजीने शिकवलं होतं तसे."