वस्तीवर ठेवून आलेलं खोटं

लहान मुलाला सुई टोचताना सगळं जग खोटं बोलतं. आई म्हणते, "काही नाही रे, मुंगी चावते." आजी म्हणते, "ती बघ चिमणी." आमच्या मार्था सिस्टर मात्र पोराच्या डोळ्यांत बघून सांगायच्या, "दुखणार हाय बरं का. रडावं वाटलं तर रड. पण लगेच थांबतंय." आणि नवल म्हणजे पोरं कमी रडायची! एखादी आई मध्येच "मुंगी, मुंगी" करायला लागली की सिस्टर सुई तशीच हातात धरून तिच्याकडे वळत. "कुठाय मुंगी? दाव मला. बोलायला यायच्या आधीच लेकराला खोटं शिकवायलीस का?" त्या आईचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात मी आशा म्हणून लागले, तेव्हा मार्था सिस्टर तिथे जुन्या झाल्या होत्या. आशाचं काम म्हणजे घरोघर फिरायचं, गरोदर बाया आणि लेकरांची खबर ठेवायची आणि लस टोचायच्या दिवशी आयांना गोळा करून आणायचं. पहिल्या दिवशी सिस्टरांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "चालता येतं का?"

"पाय आहेत की," मी म्हटलं. मी तशी पहिल्यापासूनच फटकळ.

"जीभ पण हाय असं दिसायलंय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. दोन्ही लागतील."

उंच, रुंद हाडाची बाई. सावळा रंग, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि पायात पुरुषी चपला, कारण बायकांच्या चपला त्यांच्या चालीला महिनाभरसुद्धा पुरायच्या नाहीत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. गावात ख्रिस्ती घर एकच, त्यांचं. रविवारी सकाळच्या एसटीने परभणीला चर्चला जायचं आणि येताना गल्लीतल्या कुणाकुणाच्या गोळ्या, चष्मे, कुणाची दुरुस्तीला टाकलेली मिक्सरची भांडी घेऊन यायचं. नाताळात दारावर कागदाची चांदणी लागायची आणि गल्लीभर करंज्या जायच्या. आमच्या घरी बुद्धवंदना, शेजारी पोखर्णीच्या नृसिंहाचे भक्त, पण करंज्यांची वाट सगळेच बघायचो. एकदा कुणीतरी खोचकपणे विचारलं, "सिस्टर, तुमचा येशू काय सांगतो हो?" त्या म्हणाल्या, "सांगत बसत न्हाई बाबा, कामाला लावतो." त्यांचं प्रवचन एवढंच.

गावात एक म्हातारी होती. तिचं ब्लडप्रेशर तपासायला आम्ही दोघी जायचो, तर ती आम्हाला ओट्यावरच बसवायची आणि पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतायची. माझं रक्त उकळायचं. मी एकदा वाटेत म्हटलं, "पुन्हा हिच्या दारात पाय ठेवणार नाही. मरू द्या म्हातारीला." सिस्टर थांबल्या. म्हणाल्या, "तिला बीपी हाय, तुला राग हाय. दोन्ही एकदम वाढवून कसं चालंल? चल, पुढच्या बुधवारी परत यायचंय." आणि आम्ही बुधवारी परत गेलो. म्हातारी काही बदलली नाही. शेवटपर्यंत तिने पाणी वरूनच ओतलं. सिस्टर शेवटपर्यंत जात राहिल्या. मला आजही त्या म्हातारीचा राग येतो, ते लपवत नाही.

पण मला सांगायचंय ते माळावरच्या वस्तीचं.

गावापासून दूर, माळावर एक वस्ती आहे. तिथे एका लेकराला लस टोचल्यावर मांडीला गाठ आली होती, तेव्हापासून सुईवाली बाई दिसली की वस्तीची दारं धडाधड बंद व्हायची. तिथे शब्द चालायचा दगडूमामांचा. ते म्हणाले लस नको, की नको. सिस्टर मात्र जात राहिल्या. लशीचं नावही काढायच्या नाहीत. कुणाची जखम धुवायची, कुणाच्या बाळंतपणाला थांबायचं, दगडूमामांच्या खोकल्याला औषध द्यायचं. अशी किती वर्षं गेली आणि एका उन्हाळ्यात मामा आपण होऊन म्हणाले, "बाई, आणा तुमची सुई. तुमच्यावर भरोसा हाय." त्या मंगळवारी देवळापुढच्या लिंबाखाली वस्तीतलं झाडून सगळं लेकरू आलं. सिस्टर टोचत होत्या, मी नावं पुकारत होते आणि मला वाटत होतं, जिंकलो बाई आपण!

संध्याकाळी केंद्रात आलो. त्या दिवशी सकाळी सिस्टरांच्या चष्म्याची काडी मोडली होती आणि त्या तशाच, सवयीच्या हाताने काम करून आल्या होत्या. टेबलाच्या खणातला जुना चष्मा चढवून त्या उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायला लागल्या आणि एकदम थबकल्या. लशीच्या बाटलीवर एक बारीकसा चौकोन असतो. लस गारव्याबाहेर राहून बिघडली की तो काळपट पडतो. टोचण्याआधी तो बघायचाच असतो.

"सुमन, तू बघ बरं," त्या म्हणाल्या. "माझी नजर दगा देतीय का?"

नजर दगा देत नव्हती. सगळ्याच बाटल्यांवरचे चौकोन काळे पडले होते. असल्या लशीने ताप तेवढा येतो, अपाय होत नाही, पण तिच्यात जोर उरत नाही. म्हणजे वस्तीतली सगळी लेकरं रडली, रात्री तापाने फणफणणार, आणि उपयोग शून्य.

असं झालं कसं? ते शोधायला डिटेक्टिव्ह लागत नव्हता. औषधांच्या खोलीत चालू असलेला प्लग एकच, आणि फ्रिजशेजारी शिपाई विलासचा कूलर. शनिवारी संध्याकाळी उकाड्याने जीव चाललेला, म्हणून फ्रिजचा प्लग काढून त्याने कूलर लावला असणार, मग तसंच विसरून कुणाच्या तरी लग्नाला गेला असणार आणि सोमवारी येऊन गुपचूप प्लग पुन्हा फ्रिजला लावला असणार. आमच्याकडे मे महिन्यात माणूस गारव्यासाठी काय करील सांगता येत नाही. सिस्टरांनी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "मी हात लावला न्हाई. तुमीच फ्रिजचं दार उघडं टाकलं असंल." त्याचा लहानगा पोरगा तिथेच खेळत होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून तो शपथ घ्यायला निघाला, तसा सिस्टरांनी त्याचा हात बाजूला केला. "लेकराला मधी आणू नको," म्हणाल्या. "हे बघ विलास, माझा संशय तुझ्यावर हाय, तोंडावर सांगायलेय. तू असशील तर मी तुला माफ केलं. आत्ताच. तू कबूल करायच्या आधी. आता तुझं काय ते तू बघ."

ज्याने हिच्यावरच आळ घेतला, त्याला ही चहा प्यायच्या आधी माफ करून मोकळी!

डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "सिस्टर, एक डोस वाया गेला, इतकंच. पुढच्या महिन्यात पुढचा डोस आहेच. पण हे वस्तीवर कळलं, तर पुन्हा एकही दार उघडणार नाही. मग त्या लेकरांना काहीच मिळणार नाही. कशात जास्त नुकसान आहे, तुम्हीच सांगा." खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. मी म्हटलंही, "सिस्टर, साहेब बरोबर बोलतात."

सिस्टर म्हणाल्या, "त्या मायांना वाटायलंय, आपलं लेकरू आता राखलं गेलं. ते खोटं मी त्यांच्या घरात ठेवून आलेय साहेब. ते माघारी आणायला मलाच जावं लागंल." आणि त्या प्रार्थनेला बसल्या. प्रार्थना करताना त्या कधी रडायच्या नाहीत, त्या दिवशी रडल्या. एवढ्या वर्षांचं केलेलं उद्या मातीत जाणार हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ताजी लस मागवून, ऊन डोक्यावर असताना आम्ही वस्तीवर गेलो. लिंबाखाली उभं राहून सिस्टरांनी खड्या आवाजात सांगितलं, "काल मी टोचलेली लस बिघडलेली होती. बाटली बघायचं काम माझं. मी चष्म्याबिगर टोचलं. लेकरांना तरास झाला, फायदा न्हाई झाला. चूक माझी हाय. परत टोचावं लागंल."

काय गलका उठला म्हणता! लेकरं रात्रभर तापाने रडलेली, आयांचे डोळे सुजलेले. दगडूमामा काठी आपटत पुढे आले. "आमची पोरं काय उंदरं हायेत का, काल एक टोचलं, आज एक? भरोसा टाकला त्याचं हे फळ? चला, निघा हितून!" मी सिस्टरांच्या कानाशी लागले, "विलासचं नाव सांगा! सगळं स्वतःवर का घेता?" त्या हळूच म्हणाल्या, "माझं मी सांगितलं. त्याचं त्यानं सांगायचं. दुसऱ्याचं पाप सांगताना जीभ लय सैल सुटती, तवाच तिला आवरायची असती." मला संताप आला. खरं बोलायचं तर पुरतं बोला की!

त्या निघाल्या नाहीत. देवळाच्या पायरीवर बसून राहिल्या. दारं एकेक करून बंद झाली. सावली पायरीवरून सरकून गेली, तरी त्या बसलेल्याच. मी घामाने निथळत होते आणि मनात येईल ती शिवी विलासला घालत होते. शेवटी एक दार उघडलं. दगडूमामांची सूनच, कौसल्या, पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. मामा ओरडले, "कौसे, माघारी फिर!" ती फिरली नाही. सासऱ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मामंजी, झाकायचं असतं तर ही बाई घरी पंख्याखाली बसली असती. चुकलं हे सांगायला एवढ्या उनात आली. हिनं टोचलेलं मला चालतंय." आणि तिने पोरगी सिस्टरांच्या मांडीवर दिली.

मग हळूहळू बाकीची आली. सगळी नाही, काही पुढच्या आठवड्यात आली. एक घर कायमचं तुटलं ते तुटलंच.

तालुक्याहून साहेब चौकशीला आले. "फ्रिज कुणी बंद केला?" त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "मी पाहिलं न्हाई साहेब."

"संशय कुणावर?"

"संशय हाय. पण संशयावर कुणाची भाकर मी काढून घेणार न्हाई. बाटली न बघता टोचलं, ते मात्र मी केलं. त्याचं काय ते मला द्या." विलास दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. सिस्टरांना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती घेतली आणि विलासला म्हणाल्या, "चहा गार व्हायलाय, दे साहेबांना." पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्याला एक टोमणा मारला नाही. त्याच्या पोराला डेंग्यू झाला तेव्हा परभणीच्या दवाखान्यात उशाशी त्याच बसल्या होत्या. मी एकदा विचारलं, "तुम्हाला त्याचा राग येतच नाही का?" तर म्हणाल्या, "येतो की! रोज सकाळी येतो. रोज सकाळी परत माफ करते. एकदा करून भागतंय व्हय?"

मागच्या उन्हाळ्यात त्या परभणीला वारल्या. ख्रिस्ती दफनभूमीत आमच्या गावची इतकी माणसं होती की पाळकसाहेब बघतच राहिले. माळावरची वस्ती टेम्पो करून आली होती. दगडूमामा आता पार वाकलेले, कौसल्येच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. प्रार्थना झाली. पाळकांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का? मी बोलणार होते. माझ्या आधी विलास पुढे झाला.

त्याने वस्तीच्या माणसांकडे तोंड केलं. "त्या साली तुमच्या पोरांची लस बाईनं बिघडवली न्हवती," तो म्हणाला. "फ्रिजचा प्लग मी काढला होता. माझ्या कूलरसाठी. वर बाईवरच आळ घेतला. बाईनं मला तवाच माफ केलं होतं. पण माझ्या तोंडून निघंना, इतकी वर्सं निघंना." तो उघड्यावर ढसाढसा रडायला लागला.

दगडूमामांनी सुनेच्या खांद्यावरचा हात काढला आणि काठी टेकत टेकत विलासकडे निघाले. आता काठी उगारणार म्हातारा, असंच वाटलं.

"तिनं आमाला तुझं नाव कधी सांगितलं न्हाई," मामा म्हणाले.

"न्हाई," विलास म्हणाला.

"मग आमी तुला इचारणारे कोण?" मामा कष्टाने खाली वाकले, ढिगातली मूठभर माती उचलली, विलासचा हात ओढून त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली. "चल," म्हणाले, "बाईला माती दे. आधी तू."