‘वुड हॅव’चा अर्थ

परवा सकाळी भाऊजी सखूताईला बैलबंडीत घालून बडनेऱ्याहून अमरावतीला घेऊन आले. ताईचे दिवस भरलेले, कळा थांबलेल्या आणि रक्त जायला लागलेलं.

भाऊजींचा वांगी-मेथीचा मळा आहे, दवाखान्यातल्या इंग्रजीशी संबंध नाही. मी राजापेठेत खोली घेऊन मॅट्रिकचा अभ्यास करतो, म्हणून ते आधी माझ्या दारात आले. तिथून आम्ही तडक बायकांच्या दवाखान्यात गेलो.

ताईला आत नेलं. आम्ही दोघं व्हरांड्यात... ऊन चढलं तरी कोणी बाहेर येईना.

शेवटी गोरी डॉक्टरीण आली. विलायतेहून नुकतीच आलेली, मराठी अजिबात येत नाही. तिचं बोलणं समजावून सांगणारी नर्स आत अडकलेली. बाई भरभर काहीतरी बोलली आणि माझ्या कानात एकच शब्द शिरला... ‘डाइड’.

भाऊजी माझ्या तोंडाकडेच पाहत होते. "काय म्हणते बाई? गजा, बोलून काहून नाही राहिला तू?"

मी मान खाली घातली. ते भिंतीला टेकून खालीच बसले.

कसाबसा धीर करून मी बाईला ‘प्लीज, अगेन’ म्हटलं. तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "शी वुड हॅव डाइड, इफ यू हॅड कम लेट."

वुड हॅव... इफ हॅड... वर्गात हे किती घोकलंय मी! अर्थ मात्र कधी डोक्यात शिरला नव्हता, तो तिथे उभ्या उभ्या शिरला. उशीर झाला असता, तर मेली असती. असती! म्हणजे उशीरही झाला नाही आणि...

"भाऊजी, मेली असती म्हणते बाई! मेली नाही!"

"असती म्हंजे काय रे?"

"म्हंजे ताई जिती हाये! तुमी येळेवर आणलं तिले!"

भाऊजी उठले नाहीत. गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडले. मग नर्स बाहेर आली आणि मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, असं सांगून गेली. तेव्हा मात्र मीही त्यांच्या शेजारी बसकण मारली.

परीक्षेचं यंदा काय व्हायचं ते होवो. भूतकाळाचं हे एक रूप मला पुरतं कळलंय... आणि ते कळलं तेव्हा माझी बहीण दाराच्या पलीकडे श्वास घेत होती. याहून जास्त मला काही नको.