गुरुवारची प्रयोगशाळा

सुनंदा गेल्याचं तिच्या आईनं, अक्कांनी, फोनवर सांगितलं. आजार वर्षभराचा, सगळं ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर थेरगावच्या शाळेतला पुढचा विज्ञानाचा तास मला घेता आला नाही... कॉलेजात आम्ही दोघी एकाच बाकावर बसून भौतिकशास्त्र शिकलो. मी शिक्षिका झाले. ती संशोधनासाठी परदेशी गेली, आणि परतल्यावर तळवड्यात, वडिलांच्या शेतात उभ्या राहिलेल्या शेडमध्ये तिनं प्रयोगशाळा थाटली.

लेसरच्या बारीक झोतात ती नुसत्या डोळ्यांना न दिसणारा मणी धरून ठेवायची. मण्यावर निरुपद्रवी केलेला विषाणू चिकटवलेला. तो जिवंत पेशीला हलकेच टेकवायचा आणि मागे ओढायचा; सुटताना किती जोर लागतो, त्यावरून विषाणूची पकड कळते. ही पकड कशानं ढिली होईल, हे तिला शोधायचं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "उजेडानं धरता येतं व्हय?" सुनंदानं त्यांना पडद्यावर तो मणी दाखवला होता.

अडचण शेजारच्या कारखान्याची होती. तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा ठोका पडला की जमीन हादरायची, मणी झोतातून निसटायचा. गुरुवारी तिथल्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी, म्हणून नाजूक मोजमापं गुरुवारीच. केमोथेरपी सुरू झाली तेव्हा नेमका बुधवार मिळाला; दुसऱ्या दिवशी तिला उभंही राहवेना. तिनं डॉक्टरांकडून शुक्रवार मागून घेतला. आता तरी विश्रांती घे, म्हणून मी रागावले, तर शांतपणे म्हणाली, "माझा गुरुवार तेवढा मागू नकोस."

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी तिनं मला बोलावून घेतलं. ती खुर्चीत बसून सांगत होती, तिची विद्यार्थिनी रोहिणी यंत्र चालवत होती. पेशींवर एका नव्या रसायनाचं द्रावण सोडलं, आणि सुटण्याचा जोर दाखवणारी, एरवी उंच चढणारी पडद्यावरची रेघ जेमतेम उठून खाली आली. पुन्हा केलं, तसंच.

"औषध नव्हे हं हे. ते अजून फार लांब आहे," सुनंदा म्हणाली. "पण पकड सुटते... एवढं दिसलं मला."

मग बराच वेळ ती त्या रेघेकडे बघत राहिली.

गेल्या आठवड्यात अक्कांना घेऊन तिथं गेले. रोहिणीचं काम चालू होतं. काळ्या पडद्याआडची ती खोली यंत्रांसाठी गार ठेवतात. खुंटीवर सुनंदाचा करडा स्वेटर होता. रोहिणीनं तो घडी करून अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी त्याच्या बाहीवरून सावकाश हात फिरवला.

"हितं लई गार हाय," त्या म्हणाल्या. "तूच घालत जा."

रोहिणीनं तो घातला. बाह्या लांब होत होत्या, त्या दुमडून घेतल्या, आणि ती पुन्हा यंत्रापाशी बसली.