मामाचा दर्शनी पडदा

परवा शेजारी सुतार सरस कढवत होता, त्या वासासरशी मला आमच्या मामाचा पडदा आठवला. मामा अंबरनाथचा पेंटर. गावोगावच्या नाटकांचे पडदे सरसात रंग कालवून रंगवायचा. पुढे फ्लेक्स आले आणि "आपलं आता कोण बघतंय?" म्हणत मामा जो घरी बसला, तो बसलाच. त्याचा कमळांच्या तळ्याचा पडदा बारवी धरणाकडच्या एका गावात गोठ्यातला पेंढा झाकत पडला होता. एका जत्रेला तिथल्या नाटकवाल्यांनी तो झटकून दर्शनी पडदा म्हणून टांगला आणि मामाला पहिल्या रांगेत बसवलं. मामाने भीतीने डोळेच मिटले. दिवे लागले मात्र, टाळ्या अशा कडाडल्या की धरणाचं पाणी हिंदकळलं! एक म्हैस तर दावं तोडून त्या तळ्यावर पाणी प्यायला आली. खोटं वाटत असेल तर तिच्या मालकाला विचारा. तिसरी घंटा झाली, पडदा जरा हलला, तसं पब्लिक खवळलं, "ए, राहू दे! उचलू नको रे!" आतून राजा कावला, "मग आम्ही काय झक मारायला मिशा लावल्यात?" तेव्हा मामाच खुर्चीवर चढून गरजला, "उचला रे, बिनधास्त उचला! मागचा दरबारपण मीच रंगवलाय!"