ओळख न दाखवलेला शिपाई

अल्मा हिनशॉ आमच्या सभेतली सगळ्यात कमी बोलणारी बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबून निवृत्त झाली आणि लष्करी छावणीजवळ आम्हा क्वेकर लोकांचं, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं, जे छोटं घर आहे, तिथं दर मंगळवारी फोनवर बसू लागली. बंदूक धरायला मन धजत नाही, सैन्यातून सुटायचंय, असं म्हणणारे शिपाई तिथं फोन करतात. अर्ज कसा लिहायचा, चौकशीत काय विचारतात, ते ती समजावून द्यायची. नोकरी सोड, असं मात्र ती कधी कुणाला म्हणाली नाही. "तुझं तू ठरव बाळा, मी ऐकतेय," एवढंच.

पण हे तिनं घरी लपवलं होतं. नवरा गेल्यावर तिला जवळचं माणूस उरलं ते एकच, नणंद लोरीन. आणि लोरीनचा मुलगा तेव्हा इराकमध्ये लढत होता. मंगळवारी कुठे असतेस, असं लोरीननं विचारलं की अल्मा सांगायची, वाचनालयात पुस्तकं लावते.

त्या वर्षी टेरेन्स मॅब्री नावाचा शिपाई येऊ लागला. तो इराकला एक खेप करून आला होता. तिथल्या तपासणी नाक्यावर त्यानं एका गाडीवर गोळ्या झाडल्या. आत एक म्हातारा आणि टोमॅटोच्या पेट्या निघाल्या. दहा आठवडे तो अल्मासमोर बसून अर्ज लिहीत होता, खोडत होता. ती त्याच्यासाठी घरून मक्याची भाकरी नि घेवडा आणायची.

एका शनिवारी अल्मा आणि लोरीन बाजारात मांसाच्या दुकानापुढे उभ्या होत्या. समोरून टेरेन्स आला. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"मिस अल्मा! तारीख लागली, सोळाची! साक्षीला याल ना?"

"कसली साक्ष? कोण गं हा?" लोरीननं विचारलं.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," अल्मा त्याला म्हणाली. "मी तुम्हाला ओळखत नाही."

टेरेन्सनं लोरीनच्या छातीवरचा, गणवेशातल्या मुलाच्या फोटोचा बिल्ला पाहिला. "माफ करा मॅम, चूक माझीच," म्हणून तो निघून गेला.

"ऊन लागलं वाटतं बिचाऱ्याला," लोरीन हसली. अल्माही हसली. तेच हसणं तिला पुढे सगळ्यात जास्त जाळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या रविवारच्या मौन प्रार्थनासभेत ती उठून उभी राहिली. "मी एका माणसाला ओळख दाखवली नाही," एवढंच बोलली आणि मान खाली घालून बसली. नंतर थेट लोरीनकडे गेली नि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझा पोरगा तिकडे जीव धोक्यात घालतोय, आणि तू इथं पळवाटा शिकवतेस?"

"पळवाट नाही ती, लोरीन."

"मग वाचनालयाचं का सांगितलंस गं?"



सोळा तारखेला, पुन्हा बोलावणं नसतानाही, ती छावणीत चौकशीला गेली. टेरेन्स खोलीबाहेरच्या बाकावर एकटाच बसला होता.

"नको असेन तर परत जाते," ती म्हणाली.

"बसा मॅम. मी तरी आईला कुठे सांगितलंय अजून?"

त्यानं आपल्याला इतक्या सहज माफ करायला नको होतं, असं ती मला म्हणाली होती.

"याला किती ओळखता?" अधिकाऱ्यानं विचारलं. तिनं दहा आठवडे सांगितले, टोमॅटो सांगितले, आणि बाजारातलं खोटंही सांगितलं. खरं बोलायला गेलेली बाई अर्धवट कशी बोलणार?

अर्ज फेटाळला गेला. कारणांत एक ओळ होती: साक्षीदाराने पूर्वी खोटे बोलल्याचे मान्य केले आहे.

टेरेन्सनं पुन्हा लढाईवर जायला नकार दिला आणि सात महिने लष्करी तुरुंगात काढले. अल्मा दर शनिवारी चार तास गाडी हाकत भेटायला जायची. सुटल्यावर तो टेनेसीत छपरं शाकारायच्या कामाला लागला; नाताळात पत्र पाठवतो. लोरीनचा मुलगा सुखरूप परतला, पण लोरीन अल्माशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही.

एकदा त्या छोट्या घरात मी तिला म्हटलं, "अल्मा, शेवटी गेलीस ना तू?"

"गेले," ती म्हणाली, "पण त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा नाही."

फोन वाजला. ती उचलायला गेली.